चेसी न कापता गाडी बदला: बेळगावकडच्या रस्त्यांसाठी घरचे आणि बाजारचे पार्ट

शंभर ते दीडशे सीसीच्या गाडीवर काम काढायचं तर नियम एकच पाळा: ग्राइंडर चेसीला लागू द्यायचा नाही. शीट, मडगार्ड, कॅरिअर, हँडल, दिवे सगळं मूळ भोकांवर बसलं पाहिजे आणि रविवारी दुपारी चार पाने-स्पॅनर घेऊन परत उतरवताही आलं पाहिजे. मागची चेसी कापून तिथं गोल पाइपचा तुकडा वेल्ड करायची फॅशन आहे. फोटोत ते छान दिसतं. पण शॉकपचा वरचा बोल्ट जिथं धरतो त्याच्या आसपास वेल्डचा ताप गेला की तडा पाइपला नाही, वेल्डच्या कडेला जातो. वर रंग असल्यामुळं तो दिसत नाही, आणि डबल शीट बसल्यावर खड्ड्यात कळतं.

दुसरं कारण कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर १८२-अ कलमाखाली मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. केए २२ किंवा केए २३ ची, म्हणजे बेळगाव-चिकोडी पासिंगची गाडी शिनोळीच्या पुढं महाराष्ट्रात चंदगडकडं गेली काय, चोर्ल्यावरून गोव्यात उतरली काय, कायदा केंद्राचा आहे, तिन्हीकडं तोच. इंजिन, चेसी, सायलेन्सर आणि नंबर प्लेट या चार गोष्टींना हात लावू नका. रंग बदलायचा तर आरसी बुकात नोंद करून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा.

मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरबद्दल इथंच सांगून विषय संपवू. कारखान्यातून निघताना ८० ते १७५ सीसीच्या गाडीला आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल आहे, त्यावरच्या गाडीला ८०. बाजारातल्या आतून मोकळ्या नळकांड्या त्यात बसत नाहीत. बीएस ६ गाडीत तर सायलेन्सरच्या नळीतच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. नळी बदलली की मीटरवर पिवळा दिवा लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि आवाजाशिवाय हाताला काही लागत नाही.

सूत, मिलिमीटर आणि आटे

उद्यमबागेची औद्योगिक वसाहत जवळ असणं हे बेळगावच्या गाडीवाल्याचं भाग्यच. लेथ, मिलिंग, फाउंड्री, प्लेटिंग, पावडर कोटिंग सगळं एका फेरीत होतं. पण टर्नरकडं जाताना तोंडी माप सांगू नका, कागदावर काढून न्या. जुना फिटर सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, बोलतो आणि गाडी मिलिमीटरमध्ये असते. ३ सूत म्हणजे ९.५ मिमी, त्या भोकात १० चा बोल्ट जात नाही, मग कोणीतरी कानशीनं भोक वाढवतो, ते वाकडं होतं आणि कॅरिअर कायमचं खुळखुळत राहतं.

बोल्टचा घोळ त्याहून वाईट. ‘एम’ म्हणजे बोल्टचा मिमीतला व्यास आणि ‘पिच’ म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. गाडीत एम ६ ला १.०, एम ८ ला १.२५ आणि एम १० ला बहुतेक ठिकाणी १.२५ पिचचे आटे असतात. हार्डवेअरच्या दुकानात एम १० मागितला तर १.५ पिचचा मिळतो. अडीच-सूती बोल्ट एम ८ सारखाच दिसतो, पण त्याचे आटे इंची असतात. हे दोन्ही बोल्ट दोन-तीन आटे हातानं जातात आणि मग अडतात. तिथं पाना लावून जोर केला की ॲल्युमिनियममधले आटे गेलेच म्हणून समजा. बोल्ट शेवटपर्यंत बोटांनी फिरला तरच तो त्या जागेचा. डोक्यावर ८.८ (मजबुतीचा आकडा) लिहिलेलाच घ्या. स्टेनलेस स्टीलचा चकचकीत बोल्ट शोभेच्या जागी ठीक आहे. फूटरेस्ट, ब्रेक आणि हँडल क्लॅम्पला तो नको. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट जाणार असेल तर आट्यांना कॉपर ग्रीस लावा, नाहीतर गोव्याच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळे काढल्यावर तो निघायचा नाही.

कोरड्या आट्यांवर ८.८ बोल्टला आवळायचा जोर एम ६ ला १० न्यूटन-मीटर, एम ८ ला २२ ते २५, एम १० ला ४५ च्या आसपास. हे स्टीलमधल्या आट्यांसाठी. ॲल्युमिनियममध्ये थोडा कमी ठेवा आणि गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच धरा.

बुश, म्हणजे बोल्ट ज्यातून जातो ती जाड नळी, करून घ्यायचा तर कागदावर असं लिहा: बाहेरचा व्यास २० मिमी, आतलं भोक ८.२ मिमी, लांबी २५ मिमी, दोन्ही तोंडं समांतर, कडा अर्धा मिमी मारलेल्या. ‘समांतर’ हा शब्द विसरू नका. घाईत हॅकसॉनं कापून कानशीनं घासलेल्या बुशचं एक तोंड अर्ध्या मिलिमीटरनं तिरकं राहतं. त्यावर बोल्ट आवळला की तो आतल्या आत वाकतो आणि दोन-चार महिन्यांनी डोक्याखाली तुटतो. तुटलेला बोल्ट हातात घेऊन बघा: तुटलेल्या जागी अर्धा भाग शिंपल्यासारखा गुळगुळीत, अर्धा खरखरीत. गुळगुळीत भाग हळूहळू तुटत आलेला आणि खरखरीत भाग शेवटच्या क्षणी गेलेला. बोल्ट हलका होता असं सगळे म्हणतात, पण चूक बुशची असते.

चाकाच्या हबमधला, दोन बेअरिंगच्या मधला लांब बुश मात्र घरचा करू नका. तो जरा जरी आखूड झाला तर ॲक्सल आवळताना बेअरिंगच्या आतल्या कड्या एकमेकींकडं ओढल्या जातात, बेअरिंगवर आडवा भार येतो आणि थोड्याच दिवसांत ती तापून घरघरायला लागते. हा बुश मूळचाच ठेवा.

शीट

सगळ्यात जास्त वेळ यात घाला. गाडीचं रूप शीटवर ठरतं आणि पाठही तिथंच दुखते. आधी एक ठरवा. आपल्याकडं गाडीवर मागं कोणीतरी बसणारच: घरची माणसं, नाहीतर संतीबाजारातली पिशवी. मागं धरायला मूठ, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं साडीगार्ड हे नियमातही आहे. एकट्यापुरतं शीट करून साडीगार्ड काढून टाकणं हा चुकीचाच सौदा.

तळ फायबरचा करा, घरी होतो. टाकीचा मागचा भाग आणि चेसी आधी जुन्या चादरीनं आणि प्लॅस्टिकनं झाका. जिथं तळ टेकणार तिथं ३ मिमी रबराचे तुकडे ठेवा, म्हणजे पुढं रबर पॅड बसवायला जागा राहते. वर ब्राऊन पॅकिंग टेप सुरकुत्या न पाडता चिकटवा. पॉलिएस्टर रेझिन त्याला धरत नाही. थर्मोकोल उघडं वापरू नका, रेझिन ते विरघळवून टाकतं.

दोन माणसांच्या शीटला ४५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) फायबर मॅटचे तीन थर लागतात. मॅट साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, रेझिन त्याच्या अडीच पट, म्हणजे १ ते सव्वा किलो. रेझिन एकदम कालवू नका. अडीचशे ग्रॅम घ्या, त्यात हार्डनर ३ मिली. ॲक्सिलरेटर वेगळा मिळाला असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा आणि मगच हार्डनर. हार्डनर आणि ॲक्सिलरेटर एकमेकांत सरळ ओतायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होतो. बाटल्याही लांब लांब ठेवा. हातमोजे, चष्मा आणि उघडी जागा हवीच.

ब्रशनं रेझिन लावताना घासायचं नाही, टोचायचं. मॅट पांढरी असते ती भिजली की पारदर्शक होते. पांढरा ठिपका राहिला तर तिथं हवा आहे आणि पुढं तिथंच तडकणार. एप्रिल-मेच्या दुपारी मिश्रण दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं, तेव्हा हार्डनर २.५ मिली पुरे. जुलैत खानापूर-जांबोटीकडं हे काम काढूच नका. दमट मॅट पांढुरकी राहते आणि वरचा थर चिकट राहतो. हार्डनर वाढवून तो सुकत नाही, उलट तळ ठिसूळ होतो.

दुसऱ्या दिवशी तळ काढा, कडा ग्राइंडरनं सारख्या करा, आणि यावेळी तोंडाला मास्क बांधाच, फायबरची धूळ घशात बसते. मधे एम ८ चे बोल्ट बसवायच्या जागी ३ मिमी पत्र्याची चौकोनी पट्टी दोन थरांत दाबून बसवलेली असली पाहिजे. नुसत्या फायबरमधून बोल्ट ओढून निघतो. तळाला सगळ्यात खोल जागी ६ ते ८ मिमीची दोन भोकं पाडा. ती नसली तर फोममध्ये शिरलेलं पाणी आषाढापासून दिवाळीपर्यंत तिथंच राहतं.

फोम लावायच्या आधी एक तपासणी. शॉकपचे खालचे बोल्ट काढा आणि मागचं चाक हातानं वर उचला, शॉकप पूर्ण दबल्यावर जितकं येईल तितकं. टायर आणि तळ यांच्यात निदान २० मिमी जागा हवी. नुसतं दोघांनी बसून बघितलं तर खड्ड्यातला धक्का कळत नाही, आणि टायर घासून तळाला भोक पडतं.

खाली ४० मिमी रिबाँडेड (तुकडे दाबून चिकटवलेला) फोम, ८० ते १०० घनतेचा. वर २० मिमी मऊ फोम. सगळाच मऊ घेतला तर दुकानात बसून बरं वाटतं आणि निपाणीला पोचेपर्यंत तळ टोचायला लागतो. पुढं टाकीजवळ रुंदी २०० मिमीच्या आसपास आणा, म्हणजे पाय जमिनीला टेकतात. बसायच्या जागी २५० ते २७०. हॅकसॉचं पातं उभं धरून मोठे काप घ्या, मग ४० नंबरच्या फ्लॅप डिस्कनं हलक्या हातानं आकार द्या. रेक्झिनच्या खाली पातळ प्लॅस्टिक घाला. शिवण वरच्या सपाट जागी येऊ देऊ नका, कडेला उतरवा, कारण पाणी सुईच्या भोकांतूनच आत जातं. फायबरच्या तळाला हातातला स्टेपलर चालत नाही. रेक्झिन वळवून ३.२ मिमीचे पॉप रिव्हेट वायसर घालून मारा, दर ४० मिमीवर एक. आधी पुढं-मागं ओढून दोन रिव्हेट, मग दोन्ही बाजू. एका बाजूनं मारत गेलात तर दुसऱ्या बाजूला चुण्या पडणारच.

कॅरिअर

१६ मिमी बाहेरच्या व्यासाचा, १.६ ते २ मिमी जाडीचा पाइप पुरतो. बोल्ट बसायचे कान ४ मिमी पट्टीचे. जीआय (जस्त चढवलेला) पाइप वेल्ड करू नका. जस्ताचा धूर छातीत जातो आणि रात्री ताप येतो. तोच वापरायचा असेल तर जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा. पाइप गरम करून वाकवायचा तर वाळू भरतात. ती वाळू तव्यावर भाजून कोरडी केलेलीच हवी. ओली वाळू भरून दोन्ही तोंडं बंद केली आणि आच दिली तर वाफेनं बूच गोळीसारखं उडतं.

वेल्डिंग गाडीवर फक्त टॅक, म्हणजे जागा धरण्यापुरते ठिपके, मारण्यापुरतं. त्याआधी बॅटरीची उणे वायर काढा, सीडीआय किंवा ईसीयूचा (इंजिनच्या इलेक्ट्रॉनिक डब्याचा) सॉकेट सोडा, टाकी उतरवून लांब न्या. अर्थिंगचा क्लॅम्प त्याच तुकड्याला लावा जिथं काम चाललंय. चाकाला किंवा स्टँडला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात. टॅक झाल्यावर कॅरिअर उतरवून टेबलावर पूर्ण वेल्ड करा.

तुटतं ते कायम कानाच्या वेल्डजवळ. तिथं छोटी तिकोनी पट्टी दिली की टिकतं. नुसतं वेल्ड जाड करून काही होत नाही. ॲक्सलच्या मागं पाच-सात किलोपेक्षा जास्त ओझं ठेवू नका. तांदळाची गोणी कॅरिअरवर बांधली की पुढचं चाक हलकं होतं आणि वळणावर हँडल लटपटतं.

मडगार्ड: तांबडी माती, काळी माती

बाजारातली टायरला चिकटून बसणारी आखूड मडगार्डं शहरातल्या डांबरासाठी आहेत. खानापूर भागातल्या तांबड्या मातीत टायर आणि मडगार्डमधलं २५ ते ३० मिमी अंतर चालतं. पण बैलहोंगल, अथणीकडची काळी माती पहिल्या पावसानंतर टायरला थापल्यासारखी बसते. तिथं निदान ५० मिमी ठेवा, नाहीतर दोनशे पावलांत चाक जाम. पुढचं मडगार्ड चार ठिकाणी धरलेलं हवं. दोन बोल्टांवरचं मडगार्ड थरथरत तुटतं आणि पुढच्या चाकात अडकतं. ते कसं संपतं ते सांगायला नको. सगळीकडं नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) नट वापरा. मागचं मडगार्ड कापून प्लेट शीटखाली घेण्याच्या नादात प्लेट तिरपी करू नका. हाय सिक्युरिटी प्लेट मूळ कोनातच हवी.

हँडल

बहुतेक लहान गाड्यांचं हँडल २२.२ मिमीचं. रुंद हँडल घेताना मूळपेक्षा दोन्ही बाजूंना ४० मिमीपर्यंत वाढ असेल तर बहुधा जुन्या केबल पुरतात. बसवल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. आयडलिंग वाढलं तर ॲक्सिलरेटर केबल ताणली जाते आहे. हे घाटाच्या वळणावर कळण्यापेक्षा दारात कळलेलं बरं. स्विचच्या आत एक छोटी पिन असते. तिच्यासाठी हँडलला ४-५ मिमीचं भोक पाडा. पिन कापून टाकली तर सगळा स्विच मुठीबरोबर फिरतो.

जादा दिवे आणि वायरिंग

आंबोली, चोर्ल्याच्या धुक्यात पिवळे, खाली लावलेले दिवे खरंच कामाचे. पांढरे, वर लावलेले दिवे धुक्यातून परत स्वतःच्याच डोळ्यांवर येतात. २० वॅटचे दोन म्हणजे ४० वॅट, १२ व्होल्टवर सव्वातीन अँपिअर. शंभर सीसीच्या गाडीची बॅटरी तीन अँपिअर-तासांच्या आसपास असते आणि आयडलिंगवर चार्जिंगही जेमतेम. तेव्हा अशा गाडीला ८-१० वॅटचे दोन एलईडी एवढीच ऐपत. साडेतीनशेच्या गाडीला ४० वॅट झेपतात.

जोडणी अशी: बॅटरीच्या अधिकपासून १५ सेंमीच्या आत फ्यूज, ४० वॅटला ७.५ अँपिअरचा. तिथून रिलेच्या (छोट्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच) ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून दिव्यांना, ८५ अर्थिंगला, ८६ ला स्विचमधून येणारी वायर. दिव्यांची वायर १.५ स्क्वेअर मिमी, स्विचची ०.७५. बऱ्याच जुन्या शंभर सीसी गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसतो, सरळ मॅग्नेटच्या एसीवर चालतो. त्या हाय बीमच्या वायरवरून रिलेला करंट दिला तर तो घरघर करतो आणि एलईडी लुकलुकतो. ८६ ला चावीनंतरची, हॉर्नकडं जाणारी बॅटरीची लाइन घ्या.

वायरी पिळून काळी टेप गुंडाळू नका. मे महिन्यात टेपचा डिंक पातळ होतो, जूनमध्ये पाणी शिरतं, ऑगस्टमध्ये तांबं हिरवं पडतं. क्रिम्प करून हीट श्रिंक नळी चढवा. सोल्डरिंगचा सांधा दिसायला पक्का असतो, पण त्याच्या कडेला वायर ताठ होते आणि हादऱ्यानं नेमकी तिथं तुटते. सगळ्यात जास्त शॉर्ट कोनसेटजवळ (हँडलच्या दांड्याच्या बेअरिंगजवळ) होतात, जिथं हँडलबरोबर वायरी वळतात. तिथं मोकळं वेटोळं ठेवा, आणि झिप टाय घट्ट न आवळता बोट सरकेल इतपत.

एलईडी इंडिकेटर लावल्यावर फडफड वेगानं पेटायला लागले तर दिवे खराब नाहीत. जुना फ्लॅशर बल्बच्या भारावर चालतो. एलईडीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घाला.

टायर, रंग

२.७५-१८ च्या जागी ३.००-१८ घातला तर रुंदी आणि उंची दोन्ही सहा-सहा मिमीनं वाढतात. चेन, मागचा चिमटा (स्विंगआर्म) आणि मडगार्ड तिन्हीकडं ८-१० मिमी मोकळं राहतंय का बघा. स्पोकच्या रिमवर ट्यूबलेस टायर घातला तरी आत ट्यूब हवीच.

पावडर कोटिंग १८० ते २०० अंशांवर भाजतात. बेअरिंग, रबर, बुश सगळं आधी काढा, लांबी (पुट्टी) भरलेला पार्ट देऊ नका, भट्टीत ती फुगते. पेट्रोलच्या टाकीला ना भट्टी दाखवायची ना वेल्डिंग. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची.

पहिली फेरी

प्रत्येक नव्या बोल्टवर आवळून झाल्यावर नट ते पत्रा अशी पांढऱ्या रंगाची किंवा नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. पाच किलोमीटर गावातच फिरवा, मग जांबोटीपर्यंत जाऊन या. परत आल्यावर टॉर्चनं रेघा बघा. तुटलेली रेघ म्हणजे नट फिरला. तो फक्त पुन्हा आवळून सोडू नका, का फिरला ते बघा. बहुधा खाली रंगाचा जाड थर असतो, तो दबून बसतो आणि बोल्ट ढिला होतो. रंग खरवडून आवळला की परत फिरत नाही. दोनशे किलोमीटरनंतर हीच तपासणी आणखी एकदा.

मूळ शीट, मडगार्ड, हँडल, इंडिकेटर जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवा. ज्याचे त्याचे बोल्ट त्याच पार्टला परत फिरवून बसवा, पिशवीत एकत्र टाकू नका. आणि टर्नरला दिलेले मापांचे कागद त्याच चादरीत घाला, तुटलेला बुश पुन्हा बनवून घ्यायला तोच कागद लागतो.